बाद फेरीला २६ दिवस आणि आमच्या स्टॉपरची मांडी

रविवारी आमचा स्टॉपर, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळणारा बॅक, पडला तेव्हा त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. बॉल डोक्यावरून मागं गेला, तो उलटा चालत मागं येत होता तो गर्रकन वळला, चार-पाच पावलं पळाला आणि त्याचा हात सरळ मांडीच्या मागं गेला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून एवढं बघितलं आणि मी मनात म्हटलं, हॅमस्ट्रिंग गेली, म्हणजे मांडीमागचा स्नायू. सोनोग्राफीत तेच निघालं, स्नायूच्या मधल्या भागात थोडं फाटलंय, ग्रेड टू, म्हणजे मधल्या दर्जाची दुखापत. आता बाद फेरीचा पहिला सामना २६ दिवसांवर आलाय आणि पेठेत जो भेटेल तो एकच विचारतोय, खेळणार का?

मी बरीच वर्षं बॅक खेळलोय आणि आता पोरांची प्रॅक्टिस घेतो, डॉक्टर नाही, त्यामुळं औषधपाण्याचं डॉक्टर आणि फिजिओ सांगतील तेच खरं. पण मैदानावर परत यायची तयारी कशी करायची हे मला सांगता येतं, म्हणून ही यादी. भावा, ही तुझ्यासाठी लिहितोय, तू वाच आणि घरी दादाला पण वाचून दाखव, कारण तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त घाई झालीय.

पहिलं काम, कट्ट्यावरची बारेसीची गोष्ट डोक्यातून काढ. कालपासून चार जणांनी मला ती ऐकवली, की बारेसी २४ दिवसांत परत आला मग आपल्या पोराला २६ दिवस का पुरत नाहीत. गोष्ट खरी आहे. १९९४ चा वर्ल्ड कप, २३ जूनला नॉर्वेविरुद्ध इटलीच्या फ्रँको बारेसीचा गुडघा गेला, अमेरिकेतच ऑपरेशन झालं आणि १७ जुलैला पासाडेनाच्या रोझ बोलवर हा ३४ वर्षांचा गडी फायनलला कॅप्टन म्हणून उभा. आपल्याकडं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, मी वडिलांच्या शेजारी बसून ती मॅच बघितलीय. समोर रोमारिओ आणि बेबेटो, आणि १२० मिनिटांत ब्राझीलला एक गोल मिळाला नाही. असा डिफेंडर मी परत बघितला नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो.

पण त्याचा मेनिस्कस होता, म्हणजे गुडघ्यातली गादी, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तुझा स्नायू फाटलाय आणि तो आतून भरून यायला त्याचा त्याचा वेळ घेतो, तिथं घाई चालत नाही. दोन्हीचे दिवस एका तराजूत घालू नकोस. शिवाय बारेसी संघात परत आला त्याचं कारण पण बघ, कोस्टाकुर्ता कार्डांमुळं बाहेर, टासोट्टी सेमीच्या आधीच लांबलचक बंदीवर, इटलीकडं मागं माणूसच उरला नव्हता. आणि शेवट कसा झाला? एक्स्ट्रा टाइम संपताना पायात गोळे आलेले, आणि त्याच पायांनी इटलीची पहिली पेनल्टी मारायला तो गेला, बॉल बारच्या वरून गेला. लोक फक्त पेनल्टी लक्षात ठेवतात, मला मात्र ते गोळे आठवतात. गुडघा बरा झाला होता पण २४ दिवस मॅच न खेळलेल्या पायांत १२० मिनिटांचा दम कुठून येणार? तुझ्या यादीत म्हणून दमाचं काम मांडीच्या कामाइतकंच मोठं आहे, ते पुढं सांगतोच.

दुसरं, कॅलेंडर उलटं लाव. आजपासून पुढं मोजलं की प्रत्येक दिवस हातचा वाटतो, आणि मॅचपासून मागं यायला लागलं की खरं चित्र दिसतं. मॅचच्या आधीचे दोन दिवस हलके जाणार. त्याच्या आधी सगळ्या टीमबरोबर, अंगाला अंग लागतं अशा किमान चार-पाच पूर्ण प्रॅक्टिस व्हायला पाहिजेत. त्याच्या आधी फुल स्पीडच्या पळण्याचे तीन-चार दिवस, मधे एकेक दिवस सोडून. एवढं मागं आलं की लक्षात येतं, साधं जॉगिंग तुला येत्या आठ-दहा दिवसांत न दुखता जमायला लागलं तरच पहिल्या मॅचचा विचार करायचा. ग्रेड टूला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात, म्हणजे आपण अगदी अलीकडच्या काठावर उभे आहोत. माझं मत आत्ताच सांगून ठेवतो, पहिल्या मॅचला तू सुरुवातीपासून खेळू नये, जमलंच तर शेवटची २०-२५ मिनिटं, आणि आपण जिंकलो तर सेमीला पूर्ण. पेठेला हे आवडणार नाही, पण पहिल्या मॅचला दहाव्या मिनिटाला तुला स्ट्रेचरवरून आणायचं आणि सीझन संपवायचा, ते तरी कुणाला आवडणार आहे?

तिसरं, मालीश. हे स्पष्ट बोलतो कारण आपल्याकडं तालमीची सवय आहे, काही दुखलं की तेल गरम करायचं आणि जाणत्या माणसाकडून रगडून घ्यायचं. त्या माणसाच्या हाताला गुण आहे, अंग आखडलं तर मी पण त्यांच्याकडंच जातो. पण ताजा फाटलेला स्नायू सुरुवातीच्या दिवसांत रगडला, शेकला की आत रक्तस्राव वाढतो आणि आठवड्याचं काम तीन आठवड्यांवर जातं. फिजिओ हो म्हणेपर्यंत मांडीला कुणाचा हात नाही. ताणायचं पण नाही, पाय कट्ट्यावर टाकून वाकून बघतोस ना किती ताण येतो ते, आजपासून बंद. परवा तुला दोनदा करताना बघितलंय.

चौथं, ताकदीचं काम, आणि हे घरी फरशीवर होतंय त्यामुळं जागा नाही वेळ नाही ही कारणं चालणार नाहीत. सुरुवात पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जमिनीत दाबून कंबर उचलायची, आधी दोन्ही पायांवर मग एका पायावर. वहीत दोन्ही पायांचे आकडे लिही. चांगल्या पायानं २५ होतात आणि दुखऱ्यानं १४, तर जॉगिंगच्या पुढं जायचा विषयच नको, दोन्ही जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. नंतर फिजिओनं परवानगी दिली की नॉर्डिक. गुडघ्यावर बसायचं, दादाला घोटे दाबून धरायला सांगायचं, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढं झुकायचं, अगदी सुटलंच तर हातावर पडायचं. हा एक व्यायाम नियमानं करणाऱ्या टीममध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासात दिसलंय, आणि फिफाच्या इलेव्हन प्लस नावाच्या वीस मिनिटांच्या वॉर्मअपमध्येही तो आहे. आपण सीझनच्या सुरुवातीला तीन आठवडे केला आणि मॅच सुरू झाल्यावर सोडून दिला. ती चूक माझी, प्रॅक्टिस मी घेतो, आता सगळ्या टीमला परत चालू केलाय.

कारण पण समजून घे, म्हणजे कंटाळा येणार नाही. पळताना पाय पुढं फेकला जातो आणि जमिनीला टेकायच्या आधी त्याला ब्रेक लागतो, तो ब्रेक म्हणजे मांडीमागचा हा स्नायू. लांब होता होताच त्याला जोर लावावा लागतो आणि त्याच क्षणी तो फाटतो. म्हणून नुसतं पाय ताणून किंवा सायकल मारून ही तयारी होत नाही, लांब होताना जोर लावायची सवयच त्याला परत लावावी लागते.

पाचवं, पळणं. आधी लंगडल्याशिवाय चालणं, मग जिना चढणं-उतरणं, मग जॉगिंग. रंकाळ्याच्या कडेनं सकाळी लवकर जा, गर्दी नसते, पण दोस्तांना घेऊन जाऊ नको, सोबत कुणी असलं की तू शर्यत लावतोस. जॉगिंग जमलं की मैदानावर ३०-४० मीटरचे पट्टे, आधी निम्म्या वेगानं, मग ७० टक्के, मग ८०, ९०. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मांडी कशी आहे ते बघायचं, पळताना चांगलं वाटलं यावर जाऊ नको, सकाळचं उत्तर खरं असतं. कडक वाटली की एक पायरी खाली. फुल स्पीड मात्र मॅचच्या आधी किमान तीन वेगवेगळ्या दिवशी मारलेला पाहिजे. मी बघितलेली बहुतेक पोरं इथंच फसली, दोन-तीन आठवडे ८० टक्क्यांत पळून खुश होतात आणि पहिला खरा स्प्रिंट थेट मॅचमध्ये, समोरचा फॉरवर्ड सुटला म्हणून मारतात.

आता सहावं, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं सगळं फॉरवर्डला पण लागू आहे, हे फक्त आपलं. स्टॉपर सरळ रेषेत कमीच पळतो. तो उलटा चालतो, तिरका सरकतो, थांबतो, वळतो आणि मग पळतो, आणि ते पण दुसरा ठरवतो तेव्हा. फॉरवर्डला कधी पळायचं ते माहीत असतं, आपल्याला नसतं. तुझी मांडी ज्या हालचालीत गेली तीच हालचाल शेवटच्या परीक्षेत असली पाहिजे. मी ती अशी घेणार. तू सेंटर सर्कलच्या कडेला, तोंड माझ्याकडं. मी बॉल घेऊन तुझ्या अंगावर येणार, तू मागं मागं सरकणार, आणि मी न सांगता कधीतरी बॉल तुझ्या डोक्यावरून टाकणार, कधी डावीकडं कधी उजवीकडं. आपला छोटा विंगर त्याच्यामागं सुटेल, त्याच्या आधी पोचायचं. असं दहा वेळा, मधे चालत परत यायला जेवढा वेळ लागेल तेवढीच विश्रांती.

यात मी घड्याळाकडं कमी बघणार. मी बघणार वळताना पहिलं पाऊल लहान पडतंय का, आणि पळून झाल्यावर हात मांडीच्या मागं जातोय का. मागच्या सीझनला आपला लेफ्ट बॅक असाच परत येत होता, गांधी मैदानावर साडेसहा वाजता त्याला पळवत होतो. पळण्याचा वेळ उत्तम, चेहऱ्यावर काही नाही, विचारलं तर म्हणतो एकदम ओके. पण प्रत्येक स्प्रिंटनंतर उजव्या हाताची दोन बोटं शॉर्टच्या कडेखाली जाऊन मांडी चाचपून यायची, त्याला स्वतःला पत्ता नव्हता. मी त्याला त्या मॅचला बसवलं, तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढच्या आठवड्यात बघितलं तर हात कमरेवर होता, बोटं शांत. त्या रविवारी खेळवला, ९० मिनिटं. तुझ्या बाबतीत पण मी त्या बोटांकडंच बघणार आहे, आत्ताच सांगतो, आणि सांगितलं म्हणून तू मुद्दाम हात कमरेवर ठेवशील तर ते पण मला कळतं.

त्याच दिवशी बाकीचं पण करून घ्यायचं. हेडर मारून एका पायावर उतरणं, दोन्ही पायांवर वेगवेगळं. बॉक्समधून लांब क्लिअरन्स, दुखऱ्या पायानं पण, कारण किक मारून झाल्यावर पाय वर जातो तेव्हा मांडीमागं सगळ्यात जास्त ताण येतो. स्लाइडिंग टॅकल शेवटी, ओल्या गवतावर, आणि मॅचमध्ये जमेल तितकी कमी, तुझी स्लाइडिंग बघायला लोकांना आवडते हे मला माहीत आहे पण पोझिशन बरोबर असली की स्टॉपरला खाली बसायची वेळच फार कमी येते. आणि हे सगळं ताज्या पायानं नाही, आधी तासभर प्रॅक्टिस करून दमल्यावर. स्नायू दमल्यावरच दगा देतो, हाफ संपत आला किंवा मॅच संपत आली की.

दम कसा वाढवायचा ते फिजिओशी बोलून ठरव, पळणं बंद आहे तोपर्यंत पोहणं किंवा सायकल, जे त्यांना चालेल ते. बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ, म्हणजे अजून ३० मिनिटं, ते धरूनच तयारी पाहिजे.

सातवं, मैदानात आजूबाजूला कोण आहे. हे तुझं काम नाही, माझं आणि कॅप्टनचं आहे, पण तुला माहीत असू दे. तू परत येशील त्या मॅचला आपली डिफेन्सची लाइन पाच-सात पावलं खाली असेल, म्हणजे तुझ्या पाठीमागं मोकळं मैदान कमी आणि लांब स्प्रिंट कमी. गोलकीपर पुढं येऊन उभा राहील आणि डोक्यावरून आलेला बॉल तो घेईल, ‘कीपर’ म्हणून आवाज आला की तू सोडायचा, हिरो व्हायचं नाही. तुझ्या जोडीला वेगवान पोरगं असेल, तो पळेल, तू उभा राहून वाचशील आणि ओरडशील. तुझा आवाज हीच आपली निम्मी डिफेन्स आहे, गेल्या तीन दिवसांत प्रॅक्टिसला किती शांतता असते ते येऊन बघ. बेंचवर दुसरा स्टॉपर सुरुवातीपासून वॉर्मअप करत राहील. पाच बदली चालतात म्हणून उगाच सगळ्या वापरून टाकायच्या नाहीत, एक तुझ्यासाठी शेवटपर्यंत राखून.

आठवं, गोळी आणि इंजेक्शन. मॅचच्या आधी दुखणं मारायची गोळी नाही, इंजेक्शन नाही, स्प्रे मारून आत जाणं नाही. माझ्या उमेदीत एका मोठ्या मॅचच्या आधी मला कुणीतरी दोन गोळ्या दिल्या, उपाशी पोटी घेतल्या, ऊन होतं, पाणी कमी. पहिला हाफ मला पंख फुटल्यासारखं वाटलं. ७० व्या मिनिटाला मांडीत काहीतरी तुटल्याचं जाणवलं पण दुखलं नाही, म्हणून मी अजून दहा मिनिटं खेळलो. त्या दहा मिनिटांनी माझे सात महिने घेतले आणि पुढं माझा वेग कधी पूर्ण परत आला नाही. दुखणं म्हणजे आपला रेफरी आहे, शिट्टी वाजली की थांबायचं, आणि त्या गोळ्यांनी मला शिट्टीच ऐकू आली नाही. गोळी देणाऱ्याचं मन वाईट नव्हतं, त्याला पण मॅच जिंकायची होती. म्हणूनच तुला सांगतोय, तुझ्यावर माया करणारा माणूसच तुला हे सुचवेल, त्याला नाही म्हणायची तयारी आजच कर.

नववं पटकन उरकतो. झोप आठ तास, मोबाईल बाहेरच्या खोलीत. सकाळी अंडी, संध्याकाळी गंगावेशीत जाऊन दूध प्यायचं असेल तर खुशाल पी, मटण चालतंय पण मॅचच्या आदल्या रात्री तांबडा-पांढरा नको. दुपारच्या उन्हात मॅच आहे, आदल्या दिवसापासून पाणी, आणि सोबत ओआरएसची पाकिटं. बॅगेत बुटांचे दोन जोड, कारण मैदान कडक असलं आणि स्टड लांब असले की वळताना पाय अडकतो. वॉर्मअपसाठी मांडी झाकणारी टाइट शॉर्ट, जास्तीचे मोजे, केळी.

हाफटाइमला सगळे बसतात, तू बसायचं नाही. पंधरा मिनिटं बसून थंड झालेल्या मांडीनं दुसऱ्या हाफची पहिली पाच मिनिटं काढणं हीच मोठी रिस्क आहे. पाणी पिऊन चालत राहा, आणि आत जायच्या आधी बाहेर दोन छोटे स्प्रिंट. बदली म्हणून जाणार असशील तर दहा मिनिटं आधी सांगीन, तोवर टचलाइनवर अंग गरम.

आता एक जे मैदानावरचं नाही. मॅचच्या दिवशी गॅलरी भरलेली असणार, समोर पाटाकडील असो नाहीतर दिलबहार, आणि आपण एक गोल मागं पडलो की पाचशे माणसं तुझं नाव घेऊन ओरडणार. तेव्हा तू माझ्याकडं बघशील. मी मान हलवली नाही तर बसून राहायचं. आणि आत असताना मांडी जराशी जरी धरली, दुखली नाही, नुसती धरली, तरी हात वर करायचा आणि खाली बसायचं. ‘अजून पाच मिनिटं काढतो’ हे वाक्य आपल्यात नाही. हा इशारा कॅप्टनला, कीपरला आणि बेंचला आधीच सांगून ठेवणार आहे, म्हणजे कुणी येऊन तुला ‘ऊठ की मर्दा’ म्हणणार नाही.

दादाशी मी बोलतो, पुढच्या आठवड्यात घरी येतो. आईला फक्त एवढं सांग की पोरगं बाहेर बसलं तरी टीममध्येच आहे, तुझी जर्सी काढून दुसऱ्याला देणार नाही. नाहीच जमलं तर त्या दिवशी तुझी जागा बेंचच्या टोकाला, माझ्या शेजारी. समोरचा नऊ नंबर कुठल्या पायावर वळतो, कॉर्नरला त्यांचा उंच गडी कुठून सुटतो हे तू बघायचं आणि आपल्या पोरांना आतमध्ये ओरडून सांगायचं. ते काम मला दुसऱ्या कुणाकडून नकोय.

सोमवारी सकाळी फिजिओकडं जाताना वही घेऊन जा, दोन्ही पायांचे आकडे दाखव, आणि ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आण, तुझ्या शब्दांत नको. जॉगिंगला हो म्हणाले की त्या दिवसापासून गांधी मैदान, साडेसहा, मी बॉल घेऊन येतो पण पहिले चार दिवस तो बॅगेतच राहील.